लीग सोडण्याआधीची पुरणपोळी

बुधवारी दुपारी मी लॅबमध्ये सापडत नाही, हे आमच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. इथली विद्यापीठं बुधवारची दुपार खेळासाठी मोकळी ठेवतात, आणि मी एडिनबरातल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या बॅडमिंटन टीमला शिकवते. पगारी नव्हे, हौशी. पुण्यात कॉलेजात असताना खेळायचे. पुढे गुडघे गेले, पण खुमखुमी काही गेली नाही. नवरा म्हणतो, "तुला ओरडायला हक्काची माणसं लागतात, म्हणून जातेस." तेही खोटं नाही.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही स्कॉटलंडमधल्या एका लहानशा लीगमध्ये होतो. मोजकी विद्यापीठं. प्रत्येकाशी वर्षातून दोनदा गाठ पडायची, एकदा आपल्या हॉलमध्ये आणि एकदा त्यांच्या. एका लढतीत आठ मॅचेस, आणि आम्ही बहुतेक वेळा आठही जिंकून घरी यायचो. मग वर्षाच्या शेवटी देशभरातल्या टीम्स एकत्र आल्या, की इंग्लंडमधली कुठलीतरी टीम पहिल्याच फेरीत आम्हाला धुऊन काढायची. वासरात लंगडी गाय शहाणी, ती आमची गत. हे मी एकदा मुलींना इंग्रजीत समजावून सांगितलं, तर त्या आठवडाभर एकमेकींना 'लंगडी गाय' म्हणून चिडवत राहिल्या आणि मुद्दा बाजूलाच राहिला.

त्याच लीगमध्ये उत्तरेकडच्या, समुद्राकाठच्या एका गावातलं छोटं विद्यापीठ होतं. तिथपर्यंत बसने जायला तीन तास लागत. त्यांच्या टीमचं सगळं एक बाई बघायच्या. साठी उलटलेली, उंच, पांढऱ्या केसांचा बॉब केलेली बाई. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं, गावात एक बहीण होती. मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारायचे, इथे सगळे तसंच करतात. पण मनातल्या मनात त्या 'बाई'च होत्या, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तशा. इथेही बाईच म्हणते.

मॅच झाल्यावर यजमान टीमने पाहुण्यांना खाऊ घालायचं, ही इथली जुनी पद्धत. बहुतेक ठिकाणी ती आता क्रिस्प्सच्या पाकिटांवर आली आहे. बाई मात्र घरून मोठं पातेलं आणायच्या, मसुराच्या डाळीचं सूप भरलेलं. खाल्ल्याशिवाय कोणी जायचं नाही, आणि दोन्ही टीम्सनी सरमिसळ बसायचं, आपापला घोळका करायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आमच्या उनाड मुलीसुद्धा त्यांच्यासमोर निमूट बसायच्या. आमच्या हॉलमध्ये लढत असली की मी पावभाजी करून न्यायचे, तिखट निम्म्यावर आणून, आणि बाई घाम पुसत दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

पहिल्या वर्षी त्यांच्या सुपात हॅम होतं. मी नुसता ब्रेड कुरतडला आणि भूक नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी गेले, तर मोठ्या पातेल्याशेजारी एक छोटं पातेलं होतं आणि त्यातल्या डावाला लाल रिबन बांधलेली होती. "हे तुझं," बाई म्हणाल्या. "त्या पातेल्यातला डाव याला लागलेला नाही." एवढ्या माणसांत शाकाहारी मी एकटी. माझ्या एकटीसाठी त्यांनी चार वर्षं ते वेगळं पातेलं आणलं. सूप मात्र अळणी असायचं, अगदी आजाऱ्याला द्यावं तसं. मी पर्समध्ये मिठाची पुडी ठेवायचे आणि बाईंची पाठ वळली की सुपात सोडायचे.

त्यांच्या मुली बेताच्या खेळायच्या. ज्या येतील त्यांना घेऊन टीम व्हायची. एकदा तर एकीने बूट विसरले म्हणून ती मैत्रिणीचे, एक नंबर मोठे बूट घालून खेळली. पण त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा बसमधून उतरतानाच हसत असायच्या. त्या गावातून कधीतरी बाहेर पडायचं, शहर बघायचं, आठ मॅचेस हरायच्या आणि पावभाजी खाऊन गाणी म्हणत परत जायचं, यात त्यांना काही कमी वाटत नव्हतं. मला त्याचा राग यायचा. हरून कसं हसू येतं माणसाला, असं मला वाटायचं.

आमची कॅप्टन लंडनमधल्या स्टॅनमोरची. तिचे आजोबा मुंबईहून इथे आले, ती इथेच जन्मली. मला मावशी म्हणते आणि माझ्याशी हट्टाने मराठीत बोलते. एका बुधवारी, आम्ही असेच आठ मॅचेस जिंकून परतत होतो, तेव्हा ती बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, आपला टीम स्ट्राँग आहे, बट वी आर नॉट इम्प्रूव्हिंग. हे लीग सोडून आपण इंग्लंडच्या नॉर्दर्न लीगमध्ये गेलो तर? दे हॅव अ स्पेस नेक्स्ट इयर."

"तिथे मार खाल दर आठवड्याला."

"एक्झॅक्टली!" ती म्हणाली. "मला तोच पाहिजे."

मला ती त्या क्षणी फार आवडली. मी तिच्या वयाची असताना मलाही हेच हवं होतं आणि कोणी नेलं नव्हतं. आम्ही अर्ज केला. मुलींचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन.

फक्त एक गोष्ट होती. आम्ही निघालो की आमच्या जुन्या लीगमध्ये ठरलेल्यापेक्षा एक टीम कमी पडणार होती. मग ती लीग बंद होणार आणि उरलेल्यांना पश्चिमेकडच्या गटात जोडणार. बाकीच्यांना त्याचं फारसं काही नव्हतं, तास-दीड तास इकडे नाहीतर तिकडे. बाईंच्या गावाहून मात्र पश्चिम किनारा म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात न जमणारा प्रवास. त्यांच्या विद्यापीठाची मोठी बस आधीच कुरकुरत मिळायची. रात्रीचा मुक्काम आला की ती मिळणारच नव्हती, आणि बस नाही म्हणजे टीम नाही. हे समजायला नकाशा पुरेसा होता, आणि नकाशा मी पाहिला होता.

सीझन संपल्यावर एका शनिवारी सकाळी एडिनबरात सगळ्या टीम्सच्या माणसांची मीटिंग असते. लीग सोडायची तर तिथे सर्वांसमोर विचारतात, कोणाची हरकत आहे का. कोणी सकारण हरकत घेतली तर सोडणाऱ्याला एक वर्ष थांबावं लागतं. बाईंना हरकत घेण्याचा पुरता अधिकार होता आणि कारणही होतं. तेव्हा त्यांना आधीच सांगायचं, समोर बसवून, माझ्या तोंडून, असं मी ठरवलं. मीटिंगसाठी त्या शुक्रवारी संध्याकाळीच येणार होत्या आणि एका स्वस्तशा गेस्ट हाउसमध्ये उतरणार होत्या. मी फोन केला आणि म्हटलं, रात्री जेवायला आमच्याकडे या.

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. हरभऱ्याची डाळ शिजवली, पुरण वाटलं, कटाची आमटी केली, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पापड तळले. इतक्या वर्षांत या माणसाला मी हॉलमध्ये, कागदी प्लेटमध्ये पावभाजीच तेवढी घातली होती. नवरा कामावरून आला आणि दारातच थबकला. तो नागपूरचा, त्यामुळे पुरणाच्या वासाला लगेच विरघळतो, पण डोकं शाबूत ठेवून.

"आज काय सण आहे?"

"काही नाही. बाई येताहेत."

"हां. म्हणजे त्यांना ते लीगचं सांगणारेस."

"जेवण झाल्यावर."

"आधी सांग, मग वाढ. सिंपल."

"पानावर बसलेल्या माणसाला असलं काही सांगतात का?"

"त्यांना कुठं माहितीये तुझं पान अन् ताट? शी इज स्कॉटिश. त्यांना डायरेक्ट सांगितलेलं चालतं. तुलाच चालत नाही."

"तू पापड मोडू नकोस," मी म्हटलं.

त्याचं बरोबर होतं, पण माझीही एक रीत होती आणि ती कुठून आली हे सांगायला हवं. आमच्याकडे वाईट बातमी गोडाच्या मागून येते. काकूंनी सण नसताना एकाएकी पुरणपोळीला बोलावलं, तर आपण रिक्षातच विचार करायला लागतो, की आता काय मागणार, काय सांगणार. घराच्या वाटण्या, मोडलेली सोयरीक, भावाचं परदेशी कायमचं राहणं, सगळं मी लहानपणी गोडाच्या जेवणावर ऐकलं आहे. आणि जेवणाराही काही दुधखुळा नसतो. तो दुसऱ्या घासाला विचारतो, "बोला, काय काम काढलंत?" म्हणजे सांगणाऱ्याची सुटका होते. मी अख्खा दिवस पोळ्या लाटत त्याच प्रश्नाची वाट बघत होते.

बाई आल्या, निळा कार्डिगन घालून, हातात फुलं. टेबलावरचं सगळं बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पोळीवर तूप सोडलं. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग त्या म्हणाल्या, "आज तुमचा कुठला सण आहे?"

एवढ्या जवळ आल्या होत्या. "सण नाही, मला तुम्हाला एक सांगायचंय," एवढंच म्हणायचं होतं. नवऱ्याने आमटीच्या वाटीवरून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "तुम्ही आलात हाच सण."

आपल्याकडे हे वाक्य दारात चपला काढतानाच फेकतात. त्याला काही वजन नसतं. बाईंनी हातातली पोळी खाली ठेवली. त्या आळीपाळीने माझ्याकडे आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्यासाठी असं कोणी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पोळी पुन्हा उचलली आणि अगदी सावकाश खाल्ली. त्यानंतर सांगायचं म्हणजे त्यांच्या तोंडातला घास काढून घेण्यासारखं झालं असतं, अशी मी माझी समजूत घातली.

जेवणानंतर त्या हट्टाने भांडी पुसायला सिंकपाशी उभ्या राहिल्या. ती आणखी एक संधी होती. पण त्या पुढच्या वर्षाबद्दल बोलायला लागल्या. एक नवीन मुलगी येणार आहे, डावखुरी, शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेली. "या वेळी तुमच्याकडून एक तरी मॅच घेणार," त्या म्हणाल्या. "आठपैकी एक. मी मुलींना कबूल केलंय." मी कढई घासत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

निघताना मी उरलेल्या पोळ्या स्टीलच्या डब्यात घालून दिल्या, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं."

"मग मला काहीतरी करायला शिकावं लागेल," बाई म्हणाल्या आणि डबा दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरल्या.

"झालं सांगून?" नवऱ्याने विचारलं.

"सकाळी सांगते. मीटिंगच्या आधी."

तो वळला आणि टेबल पुसायला लागला.

सकाळी मी उशिरा पोचले असं नाही, पण लवकरही पोचले नाही. सगळे बसले होते. बाईंनी हात हलवला आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली, माझ्यासाठी जागा धरली होती. मी बसले. चहा आला. मग अध्यक्षांनी आमचा अर्ज वाचला आणि त्यामुळे लीगचं काय होणार हेही वाचलं, एका सुरात. मी समोरच्या बिस्किटांकडे बघत होते. शेजारी बाईंच्या पेनाचा आवाज थांबला.

"कोणाची हरकत?"

सगळे बाईंकडे बघत होते. नुकसान कोणाचं होणार हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. बाई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही. राग मला पेलला असता. घरातली एखादी वस्तू ठेवलेल्या जागी दिसत नाही तेव्हा माणूस बघतो, तशा बघत होत्या. मग त्या समोर वळल्या आणि म्हणाल्या, "नाही. माझी काही हरकत नाही."

मीटिंग संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, "तुझ्या मुली चांगल्या आहेत, त्यांना मोठं मैदान हवंच," असं म्हणाल्या आणि बस गाठायला गेल्या. मी घरी येऊन झोपले, शनिवारी भरदुपारी.

शरद ऋतूत आम्ही नव्या लीगमध्ये पहिली लढत खेळलो आणि आठपैकी सात मॅचेस हरलो. कॅप्टन परतताना ट्रेनमध्ये आनंदाने वेडी झाली होती. "मावशी, तो मुलगी कसली स्मॅश मारत होता! मी इतकी शिकली आज!" तिची तो-ती मी तेव्हा सुधारली नाही, कारण मलाही आनंदच झाला होता. पण त्या हॉलमध्ये मॅच संपल्यावर समोरच्या टीमने नेट उतरवायच्या आधीच बॅगा खांद्याला लावल्या, हात हलवला आणि त्या गेल्या. आमच्या मुली मशीनमधून क्रिस्प्स काढून उभ्या उभ्या खात होत्या. मी सवयीने पर्समध्ये हात घातला आणि हाताला मिठाची पुडी लागली.

पुढच्या महिन्यांत आम्ही सुधारलो. दोन मॅचेस जिंकलो, मग तीन, मग एकदा बरोबरी केली. विद्यापीठाने नवीन किट दिलं. निर्णय चुकला असता तर किती बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटायचं. मग निदान आम्हीही काहीतरी गमावलं असतं. बाईंच्या टीमचं नाव पश्चिमेच्या गटात आलं, दोन लढतींना ती टीम पोचलीच नाही, आणि मग ते नाव यादीतून गेलं.

मी बाईंना दिवाळीचा मेसेज पाठवला. त्यांनी दिव्याचं चित्र पाठवलं. मी त्यांना लोकरीचा मफलर पाठवला, मग बहिणीसाठीही एक. मग चहाचा मसाला. तिसरं पार्सल बांधताना नवरा म्हणाला, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललंय तुझं."

"म्हणजे काय करू?"

"जाऊन ये. बस तीन तास. जे सांगायचं ते सांग अन् ये."

मी फोन केला. बाई इतक्या खूश झाल्या की माझा धीर पुन्हा सुटायला लागला. म्हणाल्या, बुधवारीच ये, मी हॉलवर असते.

हॉल तोच. वरच्या खिडक्यांतून समुद्राचा करडा उजेड येत होता. चारपैकी एकाच कोर्टवर नेट होती. आता बुधवारी तिथे ज्याला यावंसं वाटेल त्याने येऊन खेळायचं असतं. दोन विद्यार्थिनी होत्या, लायब्ररीतले एक गृहस्थ होते, आणि ती डावखुरी मुलगी होती. ती खरंच चांगली खेळत होती. तिचा एक बॅकहँड बघून मी नकळत "वा!" म्हटलं, आणि माझं मलाच कसंतरी झालं. आमच्याकडून एक मॅच तिने नक्की काढली असती.

खेळणारे निघून गेल्यावर बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलावर कापड अंथरलं. मोठं पातेलं नव्हतं. छोटं तेवढं होतं, लाल रिबनच्या डावासकट. त्यांनी माझ्यासाठी वाटीभर सूप काढलं आणि स्वतःसाठीही त्यातूनच घेतलं.

मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी हरकत का नाही घेतली?"

"कशी घेणार?" त्या म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "आदल्या रात्री तुझ्या घरी जेवले होते. सकाळी उठून तुझ्या मुलींच्या आड यायचं?"

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच. शब्द आमचा, आणि जागल्या त्या. मी चार वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं. त्यात मीठ कमी असायचं, एवढ्याशा मिठाला माणूस किती जागणार, असा एक वाह्यात विनोद त्या वेळीही माझ्या मनात आला. लाज वाटली की माझं डोकं असंच पळ काढतं.

मग मला राहवेना. सांगायलाच तर आले होते. मी म्हटलं, "त्या रात्री तुम्हाला सांगण्यासाठीच बोलावलं होतं. लीगचं. आमच्यात असं काही अवघड सांगायचं असलं की आधी गोडधोड करतात. पुरणपोळी त्यासाठीच केली होती. मग धीर झाला नाही. चूक माझी. तुम्ही हरकत घ्यायला हवी होती, तुम्हाला आधी कळायला हवं होतं. मला माफ करा."

एवढं एका दमात बोलून झालं आणि मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता त्या चिडतील किंवा माफ करतील, दोन्हींची माझी तयारी होती.

बाईंनी डाव पातेल्यात ठेवला. रिबनचं टोक सुपात जात होतं ते त्यांनी बाहेर काढलं.

"म्हणजे ते जेवण त्याच्यासाठी होतं."

"हो."

"तू म्हणाली होतीस, मी आले हाच सण."

मी वाटीतला चमचा फिरवत राहिले.

"मी ते बहिणीला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "टीम बंद झाली तेव्हा मुली रडायला लागल्या, तर त्यांनाही सांगितलं. म्हटलं, लीग गेली तर गेली, पण या लीगमुळेच कोणीतरी माझ्यासाठी दिवसभर स्वयंपाक केला होता. ते माझ्यासाठी होतं असं मला वाटलं होतं."

"तुमच्यासाठीच होतं," मी म्हटलं. तेही खरं होतं. इतकं राबून मी त्यांच्याशिवाय कोणासाठी केलं असतं? पण ते आता त्यांना दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. जे वाक्य मी सहज फेकलं होतं ते त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि मी तीन तास बसने येऊन, स्वतःला बरं वाटावं म्हणून, ते त्यांच्याकडून काढून घेतलं.

"सूप गार होतंय," बाई म्हणाल्या.

मी सगळं सूप संपवलं. पुडीला हात लावला नाही. त्यांनी डावखुऱ्या मुलीबद्दल थोडं सांगितलं, ती पुढच्या वर्षी कुठेतरी दुसरीकडे शिकायला जाणार आहे. मी माझ्या मुलींबद्दल थोडं सांगितलं. बसची वेळ झाली.

निघताना त्यांनी पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढून दिला. जड लागला. मी यायच्या आदल्या दिवशीच त्यांनी साखर आणि दूध आटवून इथे करतात ती वडी करून ठेवली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "रिकामा द्यायचा नसतो ना." हसल्याही, पण नेहमीसारखं दारापर्यंत आल्या नाहीत.

वड्या मुलींनी पुढच्या सरावाला एका बैठकीत संपवल्या. कॅप्टन म्हणाली, "मावशी, हा कोणी बनवली? सो गुड!" मी म्हटलं, आपल्या जुन्या लीगमधल्या बाईंनी. तिला बाई आठवल्या. "ओह, सूप लेडी! त्यांना थँक यू सांग."

मी डबा घासून फळीवर ठेवला आहे. डबा माझाच आहे, तो भरून परत आला आहे, आणि आता तो आणायला म्हणून मला त्या गावाला जायचं कारण राहिलेलं नाही.